परभणीच्या उन्हाळ्यात रायझन २६०० ओव्हरक्लॉक करताना : प्रकल्प नोंदी

२ एप्रिल

लग्नसराई तोंडावर आली आहे आणि मशीन तेच जुनं. वसमत रोडला पहिल्या मजल्यावर, पत्र्याच्या खोलीत माझं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग चालतं. खाली भुसार दुकान. नवं मशीन यंदा परवडत नाही, म्हणून आहे तोच प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवून, काय निघतंय ते बघायचं ठरवलं.

मशीन असं : एएमडी रायझन ५ २६००, ६ कोअर, १२ थ्रेड, बेस म्हणजे मूळ वेग ३.४ आणि बूस्ट म्हणजे गरजेला स्वतः चढतो तो ३.९ गिगाहर्ट्झ, ६५ वॉट. बी४५० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) लहान मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या ३२०० च्या दोन रॅम, १०५० टीआय ग्राफिक कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा). प्रोसेसर २०१८ चं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेला, वॉरंटी संपलेली. नव्या मशीनवर हे करणार असाल तर एक ध्यानात ठेवा : रायझन वेगाला कुलूप न लावताच विकतात, तरी ओव्हरक्लॉकमुळे जळालेला प्रोसेसर एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.

बोर्डही आधी बघून घ्या. ए३२० चिपसेटवर ही सोय नाही, या प्रोसेसरला बी३५०, बी४५० किंवा एक्स मालिकेचा लागतो. इंटेलकडं प्रोसेसरच्या नावात के हवा आणि बोर्ड झेड चिपसेटचा हवा.

ग्राफिक कार्डावर एन्कोड (एडिट झालेल्या व्हिडिओची द्यायची फाइल बनवणं) का करत नाही, असं सगळे विचारतात. घाईच्या कामाला करतोच. पण या पिढीच्या कार्डावर तेवढाच दर्जा ठेवायचा तर फाइल फुगते, आणि पाहुण्यांना वाटायला यजमान पेनड्राइव्ह आणून देतात ते १६ जीबीचे. शेवटची फाइल प्रोसेसरवरच काढावी लागते.

मोजमापासाठी एकच फाइल धरली : १ तास ५० मिनिटांचं एक लग्न, १०८०पी, हँडब्रेक नावाच्या एन्कोडच्या प्रोग्रॅममध्ये एक्स२६४ पद्धत, मीडियम वेग. काहीही न बदलता सकाळी ४६ मिनिटं लागली, दुपारी ४८. दुपारची दोन मिनिटं उन्हानं खाल्ली. खोलीत ३७ अंश, प्रोसेसर ९१ वर, आणि तापला की बूस्ट स्वतःच खाली येतो. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे.

स्वतःला घालून घेतलेले नियम : व्होल्टेज १.३५ च्या वर नाही, तापमान ८५ च्या वर नाही, एका वेळी एकच बदल. आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सेव्ह करायच्या आधी आकडा वहीत लिहायचा. मशीन अडकलं की शेवटी काय बदललं होतं ते आठवत नाही.

५ एप्रिल

आज नुसती सफाई. साइड पॅनेल काढलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये नमदा जमलेला. वरचा थर काळ्या मातीच्या धुळीचा, खाली दुकानातून उडून आलेला तुरीचा भुसा, आणि दोन्ही तेलकट होऊन चिकटलेले. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर पंखा भणभण फिरतो आणि बेअरिंग जातं.

मग जुना कूलर काढायला घेतला. कंपनीबरोबर येणारा हा बुटका कूलर चार स्क्रूंवर असतो. स्क्रू सुटले, कूलर हलेना. वर ओढला तर खटकन निघाला, आणि खाली प्रोसेसरही चिकटून आला. सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) दांडा बंदच होता. या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वरून दाबून धरणारी पट्टी काही नसते. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळून सिमेंट झालेली, त्यामुळं ती सॉकेटपेक्षा घट्ट.

१३३१ पिनांपैकी कोपऱ्यातल्या दोन वाकल्या. शिसं काढलेली ०.५ ची क्लिकची पेन्सिल घेतली, तिचं टोक पिनेवर चढवलं आणि हळूहळू सरळ केली. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की रांगेबाहेरची पिन सावलीवरून लगेच कळते. एका दमात सरळ करायला जाऊ नका, पिन तुटली की खेळ खलास. पुन्हा बसवताना दांडा वर, प्रोसेसर नुसता ठेवायचा. आपोआप खाली बसला तर ठीक, दाबावं लागत असेल तर अजून एखादी वाकडी आहे.

हे टाळायचं सोपं आहे. कूलर काढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनवर भार टाका म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडं पिळत सोडवायचा, सरळ वर ओढायचा नाही. मला हे माहीत होतं. पण मशीन सकाळपासून बंद होतं आणि परत चालू करायचा कंटाळा केला.

९ एप्रिल

चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर मागवला. दोस्त सिकंदराबादहून येणार होता, तिथल्या सीटीसी या कॉम्प्युटरच्या बाजारातून त्यानं १,८५० ला घेतला आणि देवगिरी एक्सप्रेसनं येताना आणला. इथं त्याच मालाला दोनशे-तीनशे जास्त सांगत होते, आणि तेही ‘चार दिवसांनी या’.

कूलर आला, बसेना. हा क्लिपचा आहे. त्याला बोर्डावर सॉकेटच्या दोन बाजूंना काळे प्लास्टिकचे ब्रॅकेट लागतात. ते बोर्डाबरोबरच येतात, पण कंपनीचा स्क्रूवाला कूलर लावताना काढून टाकावे लागतात. माझ्या बोर्डाच्या खोक्यात नव्हते. आधीच्या मालकाला फोन केला तर, “खोकं रद्दीत गेलं असंल बघा, भाऊ.” शेवटी नांदेडच्या एका रिपेअरवाल्याच्या मेलेल्या बोर्डावरचे मिळाले, १०० रुपये. कूलर घ्यायच्या आधी तो स्क्रूचा की क्लिपचा हे बघा, आणि कॅबिनेटची आतली रुंदीही मोजा. टॉवर उंच असतो.

स्क्रू सोडले की बोर्डामागची लोखंडी प्लेट खाली पडते. भाच्याला मागून हात लावून बसवलं. तो म्हणाला, “मामा, चिकटपट्टी लावू का?” लावली. मला सुचायला हवं होतं.

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. खोली ३३ असताना पूर्ण भारावर ६४. जुन्या कूलरवर याच वेळी ८२-८३ असायचं. इथंच थांबलो असतो तरी दुपारची दोन मिनिटं परत आली असती.

१० एप्रिल

३२०० ची रॅम इतके महिने २४०० वर चालत होती. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमच्या छापील वेगाची सेटिंग) चालू केल्याशिवाय ती छापलेल्या वेगानं चालत नाही, आणि आधीच्या मालकानं ते कधी केलंच नव्हतं. शिवाय दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत. प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातल्या, एक्सएमपी चालू केलं, मशीन मुकाट ३२०० वर उठलं. एन्कोड ४५ मिनिटं, म्हणजे एक मिनिट कमी. टाइमलाइन मात्र हाताला मोकळी लागते. पैसा शून्य.

या ३२०० बद्दल पुढं २ मेची नोंद वाचल्याशिवाय खूश होऊ नका.

१२ एप्रिल

आज खरं काम. पहाटे पाचला बसलो, खोली २८.

पद्धत : मल्टिप्लायर (वेग ठरवणारा आकडा) हातानं ठरवायचा, व्होल्टेज हातानं ठरवायचं, सिनेबेंच (वेग मोजणारा प्रोग्रॅम) दोन-तीनदा, मग प्राइम९५ (पूर्ण भार टाकून चुका पकडणारा) निदान अर्धा तास, मग हँडब्रेकची तीच फाइल. तापमान आणि व्होल्टेज एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघायचं. व्होल्टेजसाठी एसव्हीआय२ टीएफएन नावाची ओळ धरा. बोर्डाच्या सेन्सरची व्हीकोअर ओळ माझ्याकडं इकडंतिकडं दाखवत होती.

३.८ ला १.२ व्होल्टवर काहीच तक्रार नाही. ३.९ ला १.२५ वर तेच. ४.० ला १.२५ वर प्राइमचा एक वर्कर (चाचणीचा एक धागा) लगेच बंद पडला, १.२७५ वर वीसेक मिनिटांनी, १.३ वर तासाभरानं. १.३२५ वर टिकला. ४.१ ला १.३५ देऊन विंडोज उघडलं, सिनेबेंच सुरू करताच निळी स्क्रीन. याच्या पुढं माझ्या नियमात जागा नव्हती, तरी हौस म्हणून तेवढ्याच व्होल्टेजवर ४.१५ टाकून बघितलं. मशीन उठलंच नाही, काळी स्क्रीन आणि पंखे फिरतायत. अशा वेळी घाबरू नका. एसएमपीएसचं बटण बंद, बोर्डावरच्या सीएमओएस क्लिअरच्या (बायोसच्या सेटिंग पुसायच्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं दहा सेकंद जोडा, सगळं मूळपदावर येतं. पिना सापडल्या नाहीत तर गोल सेल काढून पाच मिनिटं थांबा.

लोडलाइन कॅलिब्रेशनवर, म्हणजे भाराखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचं त्या सेटिंगवर, बराच वेळ गेला. ऑटोवर १.३२५ लावलं की भाराखाली १.२७ पर्यंत घसरायचं, म्हणून प्राइम पडायचा. सर्वांत कडक पातळीवर उलट, भार सुटला की व्होल्टेज लावल्यापेक्षा वर उसळायचं. मधली ठेवली, भाराखाली १.३०६ स्थिर. पातळ्यांच्या आकड्यांवर विसंबू नका. काही कंपन्यांच्या बोर्डांवर १ म्हणजे सर्वांत कडक असतं, काहींच्या १ म्हणजे सर्वांत सैल. लावा, भार टाका आणि बघा.

४.० वर एन्कोड ४१ मिनिटं. दुपारी पाहुण्यांना सांगून मोकळा झालो की काम फत्ते.

१६ एप्रिल

मशीन आपोआप रीस्टार्ट होतंय. निळी स्क्रीन नाही, काही नाही, एकदम काळं होऊन परत सुरू. बहुतेक संध्याकाळी, रेंडर चालू असताना. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद. नेटवर या आकड्यावर जो तो व्होल्टेज वाढवा म्हणतो. १.३३७५ केलं, एक दिवस शांत, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. रॅम खाली आणली, एसएमपीएसच्या वायरी काढून घातल्या, पेस्ट परत लावली. या भानगडीत एका मंगळसूत्राच्या क्षणाचं स्लो-मोशन तीनदा रेंडर करावं लागलं, कारण दर वेळी त्याच्या आसपासच मशीन झोपायचं.

१८ एप्रिल

सापडलं. दोष प्रोसेसरचा नव्हता, इन्व्हर्टरचा होता.

सगळं स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) आणलं, रेंडर लावलं आणि भाच्याला खालचा एमसीबी पाडायला सांगितला. स्टॉकवरही बंद! इन्व्हर्टरच्या मागं एक छोटा स्विच असतो : एकीकडं यूपीएस, दुसरीकडं नॉर्मल. आमचा नॉर्मलवर होता. पुस्तिकेत बघितलं तर यूपीएसवर लाईट गेल्यापासून बॅटरीवर यायला १० मिलिसेकंद, नॉर्मलवर ४०. एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर तग धरतो तो पूर्ण भाराला साधारण १६-१७ मिलिसेकंद, भार कमी असेल तर जास्त. म्हणून एरवी टाइप करताना लाईट गेली तर मशीन तरून जायचं आणि रेंडरला मरायचं. ओव्हरक्लॉकनं भार वाढला, तेव्हा हे जास्त दिसायला लागलं आणि आळ त्याच्यावर गेला.

स्विच यूपीएसवर केला. आता दुसरी अडचण : संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७५ पर्यंत उतरतं, यूपीएस मोडला ते चालत नाही, तो बॅटरीवर उडी मारतो आणि दिवे लागणीपासून बॅटरी उतरत राहते. मशीनपुरता वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस होता, त्याची बॅटरी बदलली, १,००० रुपये, आणि इन्व्हर्टर घराला नॉर्मलवरच ठेवला.

ध्यानात ठेवायचं एवढंच की कर्नल-पॉवर ४१ म्हणजे ‘मशीन नीट बंद झालं नव्हतं’. का, ते त्यात लिहिलेलं नसतं. प्रोसेसर किंवा व्होल्टेजचा दोष असेल तर बहुतेक वेळा डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी किंवा निळी स्क्रीन सापडते. आणि काहीही शोधायच्या आधी स्टॉकवर तेच घडतं का ते बघा.

१९ एप्रिल

यूपीएसची वायर लावताना कॅबिनेटला कोपर लागलं आणि झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर बॉडीवर दिवा लागतोय. अर्थिंग नसल्यासारखंच. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडा प्रवाह अर्थवर सोडतोच, पुढं वाट नसेल तर तो बॉडीवर राहतो.

खाली जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितला. काळी माती उन्हानं तडकलेली, भेगेत अख्खा हात जाईल. पाइपाच्या भोवती माती सुटलेली, ओलावा नावालाही नाही. वायरमननं खड्डा उकरून मीठ आणि कोळसा भरला, नवी क्लॅम्प लावली, ७०० रुपये. त्यानं सांगितलं, “उन्हाळ्यात आठ दिवसाला घागरभर पाणी घालीत जा, दादा. जमीन वाळली की अर्थिंग गेलीच म्हणून समजा.” प्यायचं पाणी आठवड्यातनं येतं तिथं खड्ड्याला घागर म्हणजे घरात बोलणी खायचं काम. कपडे धुतलेलं पाणी टाकायचं ठरलं. टेस्टर आता गप्प आहे.

याचा ओव्हरक्लॉकशी काय संबंध? मशीन उघडून आत हात घालायचा, पॅनेल काढून चालवायचं, तर बॉडीत करंट नको.

२७ एप्रिल

आठ दिवस कामाच्या रेट्यात मशीनला हात लावला नाही. ४.० वर निवांत चालत होतं. आज दुपारी तीनला लाईट गेली, खोलीतला पाण्याचा कूलर बंद, मशीन यूपीएसवर. तासाभरात लाईट आली, पण तोवर पत्र्यानं खोली ४० ला नेली होती. रेंडर परत लावलं. पस्तीसेक मिनिटांत निळी स्क्रीन : क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. हा खरा व्होल्टेज कमी पडल्याचा इशारा.

पहाटे २८ ला जो आकडा तासन्‌तास टिकला, तो दुपारी ४० ला टिकत नाही. खोली एक अंशानं चढली की प्रोसेसरही जवळपास एकानं चढतो. पहाटेचे ७५ दुपारी ८७ होतात, आणि तापलेल्या प्रोसेसरला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. व्होल्टेज वाढवलं की आणखी ताप. पुण्याच्या एसीतल्या माणसाचे आकडे उचलून परभणीत लावले तर हेच होणार. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात ते उन्हाच्या बाबतीत तरी खरंय.

यापुढं चाचणी दुपारी दोन ते चारच्या मध्येच, खोलीतला कूलर बंद ठेवून. पहाटेची चाचणी फक्त अंदाजासाठी.

२८ एप्रिल

दुपारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएमची ओळ बघितली तर १०४. प्रोसेसरला वीज पुरवणारा हा भाग. माझ्या बोर्डावर त्यातल्या अर्ध्यालाच हीटसिंक आहे, बाकी उघडे. जुना बुटका कूलर खाली हवा मारायचा, ती आपोआप व्हीआरएमवर जायची. टॉवर कूलर हवा आडवी मागं फेकतो, तेव्हा प्रोसेसर थंड झाला आणि शेजारी भाजायला लागला. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं ठळक लिहितोय : लहान बोर्डावर टॉवर कूलर लावला की व्हीआरएमचं तापमान बघाच.

जुन्या कॅबिनेटमधला ८० मिलिमीटरचा पंखा केबल टायनं व्हीआरएमवर रोखून बांधला. १०४ वरून ८६. दिसायला ओंगळ आहे, पण पॅनेल लावल्यावर कोण बघतंय. शिवाय पुढं आणि मागं १२० चे दोन पंखे, मिळून ९००. पुढच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा लावला, भुसा तिथंच अडतो आणि दर रविवारी झटकता येतो.

२९ एप्रिल

४.० चा नाद सोडला. हिशोब केला : प्रोसेसरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. ४.० ला मला १.३३७५ लावावं लागतंय. ३.९ साठी दुपारच्या चाचणीत एकेक पायरी उतरत बघितलं : १.२५ ठीक, १.२३७५ ठीक, १.२२५ वर प्राइमचा वर्कर पडला. १.२३७५ धरलं तर ४.० ला साधारण वीस टक्के जास्त उष्णता, आणि त्या बदल्यात ४२ मिनिटांची ४१. एका मिनिटासाठी वीस टक्के कोण देईल?

३.९ मध्ये अजून एक गोष्ट आहे. हातानं वेग बांधला की प्रोसेसरचा स्वतःचा बूस्ट बंद होतो. या प्रोसेसरचा एका कोअरचा कमाल बूस्टच ३.९ आहे. सगळे कोअर ३.९ वर बांधले तर कुठंच तोटा नाही. ३.८ वर बांधलं असतं तर एका कोअरची कामं स्टॉकपेक्षा हळू झाली असती.

शेवटी १.२५ ठेवलं, काठावर नको म्हणून एक पायरी वर. दुपारी तीनला, खोली ४० असताना, प्रोसेसर ७७, व्हीआरएम ८०.

२ मे

एका गिऱ्हाईकाचा फोन : वरातीत दोन ठिकाणी हिरवे चौकोन दिसतायत. माझ्या मूळ क्लिपमध्ये नाहीत, एडिटमध्ये नाहीत, एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये आहेत. तीच फाइल परत काढली तर चौकोन नाहीत.

मशीन बंद पडलं नव्हतं, निळी स्क्रीन नाही, प्राइमच्या लहान चाचणीत सगळं बरोबर. ही चाचणी प्रोसेसर तापवते, रॅमला फारसा हात लावत नाही. रात्री पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावून झोपलो. सकाळी चुकांच्या लाल ओळी.

४ मे

२६०० चा अधिकृत रॅम वेग २९३३ पर्यंतच आहे. ३२०० हा त्याच्यासाठी ओव्हरक्लॉकच, पट्टीवर छापलेला असला तरी. सकाळी चालला, उन्हात चुका करायला लागला. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) थोडं वाढवून ३२०० टिकवता येईलही, पण माझं काम चालतंय तेवढं पुरे. २९३३ केलं, टायमिंग तेच. मेमटेस्ट रात्रभर, मग भर दुपारी पुन्हा. एकही चूक नाही. एन्कोडमध्ये सेकंदांचाही फरक पडला नाही.

बंद पडणारं मशीन परवडतं, कळतं तरी. गुपचूप फाइल खराब करणारं परवडत नाही. एप्रिलच्या मध्यापासून दिलेल्या सगळ्या फाइली पुन्हा बघायला भाच्याला बसवलं. “मामा, किती येळा तीच वरात बघायची?” अजून एका फाइलमध्ये सापडलं, तो पेनड्राइव्ह गंगाखेडला स्वतः जाऊन बदलून दिला.

१४ मे

बाहेर ४३. खोलीतल्या पाण्याच्या कूलरबद्दल एक. आपल्याकडं हवा कोरडी, तेव्हा तो खोली सात-आठ अंशांनी उतरवतो आणि मशीनलाही तेवढाच फायदा होतो. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरचं पाणी क्षाराचं. बारीक तुषार मागच्या पंख्याच्या जाळीवर बसून पांढरी पुटं धरली होती, तीच पुढं बोर्डावर बसतात. कूलर खिडकीत, मशीन झोताच्या बाजूला, आणि समोरची खिडकी उघडी. ती बंद ठेवली तर दमट हवा कोंडते आणि तासाभरात कूलर असून नसल्यासारखा.

३.९ वर आठवडाभर सलग काम. डब्ल्यूएचईएची एकही नोंद नाही.

२६ मे

खर्च : कूलर १,८५०, ब्रॅकेट १००, पेस्ट ३५०, पंखे ९००, यूपीएसची बॅटरी १,०००, अर्थिंग ७००. एकूण ४,९००. यातले निम्मे तरी ओव्हरक्लॉक केलं नसतं तरी करायलाच हवे होते.

मिळालं काय : दुपारची ४८ मिनिटं होती ती ४२ झाली, सकाळ-दुपार सारखीच. दिवसाला पाच-सहा फाइली काढणाऱ्याला अर्धा तास. बायोस अपडेट करून याच बोर्डावर नंतरच्या पिढीचा रायझन ५ ५६०० टाकला असता तर यापेक्षा बराच मोठा फरक पडला असता, हेही सांगून टाकतो. खिशात तेवढे असते तर मी तेच केलं असतं. आणि अपडेट करणार असाल तर यूपीएस चार्ज असताना करा, मधेच लाईट गेली तर बोर्डच जातो.

सध्याची मांडणी : ३.९ गिगाहर्ट्झ, १.२५ व्होल्ट, लोडलाइन मधली, रॅम २९३३. तुमच्या प्रोसेसरला हाच आकडा चालेल असं नाही, एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघत नाहीत.

पाथरीचा एक फोटोग्राफर मशीन घेऊन आला, “माझंबी तसंच करून द्या की, दादा.” उघडलं तर ए३२० चा बोर्ड. हे होणार नाही म्हणून सांगितलं. धूळ काढली, मशीन गरम करून मग कूलर पिळून काढला, पेस्ट बदलली, रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातली आणि २९३३ वर लावली. त्याचं मशीन ८९ वरून ७४ वर आलं. चहाचे पैसे त्यानं दिले.